जिप्सीला मोठ्या गाडीचे रुंद ॲक्सल: किती रुंद, कुठले आणि बसवायचे कसे?

काळीमाती
गाडी मारुती जिप्सी, १३०० सीसी, वाइड ट्रॅक, चारी बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग). ही आता फक्त चिखल-दगडासाठी ठेवायची आहे. ट्रेलरवर घालून न्यायची आणि शेतात किंवा परवानगी असलेल्या खासगी जागेत चालवायची. टायर ३३×१०.५-१५ ठरलेत, पुढे-मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारे) बसणार आहेत. एवढ्या टायरला लॉकरसकट जिप्सीचे पुढचे सीव्ही जॉइंट आणि मागचे शाफ्ट तग धरणार नाहीत, त्यामुळे ॲक्सल बदलायचे हे नक्की.

अमेरिकेत रँग्लर, सामुराई अशा लहान गाड्यांखाली मोठ्या ट्रकचे ॲक्सल न कापता तसेच बसवतात. त्यावरून तीन प्रश्न आहेत. जिप्सीला किती रुंदी पेलेल? आपल्याकडे मिळणाऱ्या कुठल्या गाडीचे ॲक्सल धरावेत? आणि हाउसिंग कापणं-जोडणं सोलापुरातल्या लेथवर आणि ट्रॉली बनवणाऱ्यांकडे नीट होईल का, की पुण्याला न्यावं?

जाणकारांनी मोजमापासकट लिहावं ही विनंती.

एमएच१३
टायर आधी ठरवलेत हे उत्तम केलंत. आधी टायर, मग रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या तोंडाचं अंतर), मग ॲक्सलची रुंदी, शेवटी क्राउन-पिनियनचं, म्हणजे डिफरन्शियल (डिफ) मधल्या गिअरजोडीचं, गुणोत्तर. हा क्रम उलटा झाला की दोनदा पैसे जातात.

गिअरगणित
रुंदीपासून सुरू करू. ॲक्सलची रुंदी म्हणजे हबच्या ज्या तोंडावर रिम टेकते, त्या तोंडापासून पलीकडच्या तोंडापर्यंतचं अंतर. ड्रम किंवा डिस्क चढवलेली ठेवूनच मोजा, नाहीतर दोन्हीकडे काही मिलिमीटर चुकतात. ट्रॅक, म्हणजे दोन्हीकडच्या टायरच्या मध्यरेषांमधलं अंतर = ही रुंदी वजा रिमच्या ऑफसेटची दुप्पट. ऑफसेट धन असेल तर चाक आत येतं, ऋण असेल तर बाहेर जातं.

जिप्सीचा ट्रॅक पुढे १३०० मिमी, मागे १३१०. १९९३ च्या आधीची अरुंद गाडी असेल तर दोन्हीकडे ९० मिमी कमी. बॉडीची रुंदी १५४० मिमी, व्हीलबेस २३७५.

आता अमेरिकन उदाहरण घ्या. १९७८-७९ च्या फोर्ड एफ-३५० चा पुढचा डाना ६० (जड ट्रकचा ॲक्सल) हबतोंडापासून हबतोंडापर्यंत साधारण ६९ इंच, म्हणजे १७५३ मिमी आहे. शून्य ऑफसेटची रिम आणि २६७ मिमी रुंद टायर धरला तर बाहेरून बाहेर २०२० मिमी होतात. टायरची आतली कड गाडीच्या मध्यरेषेपासून ७४३ मिमीवर येते आणि बॉडीची कड ७७० वर आहे. म्हणजे २६७ मिमी टायरपैकी जेमतेम २७ मिमी बॉडीखाली, बाकी सगळा उघड्यावर. धन ४० ऑफसेटची रिम लावली तर दोन्ही बाजूंनी ४० आत येईल, तरीही बहुतेक टायर बाहेरच राहतो.

जिप्सीला ३३ च्या टायरसाठी हबतोंडाची रुंदी १४०० ते १५०० पुरे, असं माझं मत. १५०० ला शून्य ऑफसेटने बाहेरून बाहेर १७६७ होतात, बॉडीच्या बाहेर प्रत्येक बाजूला ११३ मिमी. पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला लागू नये यासाठी तेवढं लागतंच.

कडकभाकरी
मग ॲक्सल कशाला बदलायचा? जिप्सीच्याच ॲक्सलला दोन्हीकडे ५० मिमीचे स्पेसर घाला, ट्रॅक १४०० होतो. हबवर नेमके बसणारे, फोर्ज्ड ॲल्युमिनियमचे घ्या म्हणजे झालं.

लेथमास्तर
@कडकभाकरी, ट्रॅक होईल, पण धागाकर्त्याची अडचण जॉइंट आणि शाफ्ट तुटण्याची आहे. स्पेसरने ते जसेच्या तसे राहतात आणि वर भार वाढतो. चाकाची मध्यरेषा बेअरिंगपासून ५० मिमी लांब गेली की हबच्या बेअरिंगवर आणि किंगपिनवर (ज्याभोवती चाक वळतं तो खिळा) येणारा पिळा त्याच प्रमाणात वाढतो. जास्त ऋण ऑफसेटची रिम लावली तरी तोच परिणाम. रुंद ॲक्सलमध्ये बेअरिंगच चाकाबरोबर बाहेर सरकतं, म्हणून भार मूळ जागी राहतो. सगळा फरक इथे आहे.

शिवाय किंगपिनची रेषा जमिनीला जिथे टेकते आणि टायरची मध्यरेषा जिथे टेकते, त्या दोन बिंदूंमधलं अंतर वाढलं की दगडाला चाक लागताच स्टिअरिंग हातातून हिसकलं जातं.

पाटेवाला
दुसऱ्या प्रश्नाकडे. पहिलं नाव सगळे जुन्या महिंद्रा जीपचं घेतात, कारण चाकाच्या नटांचा पीसीडी (नटांची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा व्यास) जिप्सीसारखाच ५×१३९.७ आणि सांगाडा ठोस. पण सीजे३बीचा ट्रॅक ४८ इंचांच्या आसपास आहे, म्हणजे १२२०-१२३० मिमी. वाइड ट्रॅक जिप्सीपेक्षाही कमी! त्यामुळे मोठ्या जीपचा ॲक्सल म्हणून उचलून आणाल आणि गाडी आणखी अरुंद होईल. पुढच्या मॉडेलांचे वेगवेगळे आहेत, टेप लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्या घराण्यातल्या मागच्या ॲक्सलचं आणखी एक बघा. काहींत शाफ्टच्या टोकाला निमुळता भाग, चावी आणि वर वेगळा हब असतो. तो नट किमान २०० न्यूटन-मीटरला आवळलेला नसला तर चावी कातरली जाते आणि हब शाफ्टवर फिरतो. असा ॲक्सल घ्यायचा तर एकसंध फ्लँजचे शाफ्ट बनवून घेण्याचा खर्च आधीच धरा.

दुसरा पर्याय जिम्नी. ट्रॅक पुढे १३९५, मागे १४०५, पीसीडी तोच, दोन्ही रिजिड. पण कॉइल स्प्रिंगचे आहेत, सगळे ब्रॅकेट कापून पाट्यांची बैठक वेल्ड करावी लागते, आणि रुंदी मिळाली तरी ताकद फारशी वाढत नाही. ३१ च्या टायरला ठीक, ३३ आणि लॉकरला मी सुचवणार नाही.

तिसरा पर्याय जुन्या पिढीची फोर्स गुरखा. पुढे-मागे रिजिड ॲक्सल आणि कारखान्यातूनच दोन्ही डिफ लॉक. लॉकरचे पैसे वाचतात, आणि धागाकर्त्याच्या कामाला हाच जवळचा वाटतो. २०२१ पासूनच्या गुरखाला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, ती या कामाची नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस
टाटा ४०७ चा का नको? सोलापुरात ऊसतोडणीच्या मोसमात दर चौकात उभी असते, सुटे भाग कुठेही मिळतात.

पाटेवाला
@हुतात्मा_एक्सप्रेस, साध्या ४०७ चा पुढचा ॲक्सल म्हणजे नुसता बीम, त्याला ड्राइव्हच नाही. राहिला मागचा. तो जोडचाकी आहे, त्याचा हब एकेरी चाकाच्या ॲक्सलसारखा नसतो. एक चाक लावलं तर ते कुठे येईल हे रिमच्या खोलगटपणावर ठरतं, त्यामुळे मोजलेली रुंदी फसवी निघते. आणि पुढच्या-मागच्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर एकच हवं. ते जुळलं नाही तर कोरड्या जमिनीवर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटून देणारी पेटी) ताण साचतो आणि कुठलातरी क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा) तुटतो.

वजनही बघा. डाना ६० पुढचा भरलेला २०० किलोच्या आसपास जातो आणि जिप्सी सगळी मिळून टनभर. तिच्या स्प्रिंगखाली एवढं वजन नाचायला लागलं की शॉक ॲब्झॉर्बर ते सावरू शकत नाही, चाक खड्ड्यातून वर येताना बॉडीच उचलते.

भीमातीर
उजवं-डावं यावर कोणी लिहिलं नाही, आणि बाहेरच्या देशातलं वाचून ॲक्सल निवडणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये लहान प्रोपेलर शाफ्ट. तिचे पुढचे आणि मागचे दोन्ही आउटपुट उजवीकडे आहेत, म्हणून दोन्ही डिफ मध्यापासून उजवीकडे सरकलेले. जुन्या विलीस घराण्यातही तसंच. अमेरिकन लेखांत 'ड्रायव्हर साइड' म्हणजे डावी बाजू, कारण त्यांचं स्टिअरिंग डावीकडे. फोर्डचे ते डाना ६०, तसेच वायजे, टीजे, जेके रँग्लरचे पुढचे ॲक्सल डावीकडचे. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो म्हणून तो शब्द जसाच्या तसा उचलला की नेमका उलटा ॲक्सल घरी येतो. उजवा, डावा असंच लिहा आणि बोला.

उलट्या बाजूचा आला तर 'पालथा घालू' असं म्हणणारे भेटतील. ॲक्सल उलटा, चाकांची खालची बाजू वर, असा बसवला तर डिफ दुसऱ्या बाजूला जातो हे खरं, पण चाकं उलटी फिरतात. पहिल्या गिअरला गाडी मागे. शिवाय पिनियनच्या बेअरिंगला तेल पोचवण्याची वाट वरच्या बाजूला जाते, कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) ऋण होतो. मागचा ॲक्सल एकवेळ मध्यावरच्या डिफचा चालतो, शाफ्ट थोडा तिरपा जाईल. पुढचा मात्र उजवाच हवा.

कडकभाकरी
@भीमातीर हे फार कामाचं लिहिलंत. डोक्यात पक्कं बसलं.

काळीमाती
मनापासून आभार सगळ्यांचे. भीमातीर अण्णा, हा मुद्दा माझ्या यादीतच नव्हता.
@पाटेवाला, अमेरिकेत पूर्ण रुंदीचा ॲक्सल न कापता का ठेवतात मग? इतक्या जणांना ते परवडतं म्हणजे काहीतरी कारण असणार.

पाटेवाला
कारण भक्कम आहे. ॲक्सल कापला की लांब बाजूचा शाफ्टही कापावा लागतो आणि त्यावर नव्या स्प्लाइन (टोकाचे उभे दाते) काढाव्या लागतात. शाफ्टला वरून कडक थर दिलेला असतो. तो कापून मऊ भागात स्प्लाइन काढल्या तर पहिल्या लॉकरच्या झटक्याला त्या पिळतात. न कापलेल्या ॲक्सलला तुटलेला शाफ्ट दुकानातून नवीन आणून तासाभरात घालता येतो. रुंद ॲक्सलची आखूड बाजूही लांब असते, त्यामुळे डिफचा फुगा आणि उजवा पाटा एकमेकांत येत नाहीत. हा दुसरा फायदा लोक विसरतात.

म्हणून माझं मत गिअरगणितांपेक्षा थोडं वेगळं आहे. १५५० पर्यंत मिळत असेल तर कापू नका, धन ऑफसेटच्या रिमने आत ओढा.

भीमातीर
इथे मी असहमत. धागाकर्ता सोलापूरचा आहे, त्याची जमीन बघा. पाणंदीला दोन्हीकडून वेडी बाभूळ घुसलेली असते आणि काटा नेहमी टायरच्या बाजूच्या भिंतीत जातो, जिथे पंक्चर निघत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात. गाडीचा ट्रॅक त्या चाकोरीशी जुळला तर ती रुळावरून गेल्यासारखी जाते, अधलामधला असला तर एक चाक चाकोरीत, एक उंचवट्यावर आणि गाडी सतत तिरकी. टेप घेऊन आपल्या भागातल्या चाकोऱ्या मोजा, मग आकडा धरा. रुंदीचा फायदा उतारावर आडवं जाताना होतो. चिकट काळ्या मातीत तो शून्य, तिथे टायरच्या खाचा आणि कमी हवा काम करते.

गिअरगणित
आडव्या उताराचं गणितही मांडतो, कारण रुंदी हवी कशाला याचं उत्तर त्यात आहे. अर्धा ट्रॅक भागिले गुरुत्वमध्याची उंची. उंची ७०० मिमी धरा, ट्रॅक १३००: ६५०/७०० = ०.९३, म्हणजे उभ्या गाडीचा कलंडण्याचा कोन साधारण ४३ अंश. पाटे ॲक्सलच्या वर घेतले आणि मोठे टायर घातले की उंची ८०० होते, ट्रॅक तोच, कोन ३९ वर येतो. ट्रॅक १५०० केला तर पुन्हा ४३. म्हणजे १५०० ने तुम्ही फक्त उंची वाढवल्याने गेलेलं परत मिळवता. चालत्या गाडीत स्प्रिंग दबते, टायर दबतो, म्हणून यातले दहा-पंधरा अंश सोडूनच चालवा.

आता गुणोत्तर. सामुराईची संख्या घेतो: पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर लो २.२६८, हाय १.४०९, डिफ ३.७२७. लो मध्ये पहिल्या गिअरला एकूण ३०.९. मूळ २०५/७०-१५ टायरचा व्यास ६६८ मिमी, ३३ इंचीचा ८३८. म्हणजे १.२५ पट. डिफ तोच ठेवला तर परिणाम २४.६ इतकाच उरतो, इंजिन गुदमरतं, क्लच जळतो. मूळ जोर परत हवा तर डिफ ४.६७ लागतो.

सीजे३बीची क्राउन ४३ दात आणि पिनियन ८, म्हणजे ५.३८. ते घातलं तर ३३ च्या टायरला परिणामी ३५.५, मूळपेक्षा पंधरा टक्के हळू आणि जोरकस. दगडाला उत्तम. हायमध्ये चौथ्या गिअरला ६० च्या वेगाला इंजिन साधारण २८८० आरपीएम फिरेल, मूळ गाडीत ते २५०० असतं. ट्रेलरवरून नेणार असाल तर त्याचं काही वाटायला नको.

जो ॲक्सल घ्याल त्याचे दात स्वतः मोजा. चाक एक फेरा फिरवून शाफ्टचे फेरे मोजायचे असतील तर दोन्ही चाकं एकत्र फिरवा. एकच फिरवलं तर उत्तर निम्मं येतं.

लेथमास्तर
आता तिसरा प्रश्न. सोलापुरात होईल. पुण्याला न्यायची गरज नाही, पण कारागिराला काय सांगायचं ते माहीत हवं. ट्रॉली बनवणारा वेल्डर जाड पत्रा उत्तम जोडतो, मात्र ॲक्सल पाव मिलिमीटरने वाकडा झाला तर बेअरिंग खातो ही गोष्ट ट्रॉलीत येत नाही.

आधी हाउसिंग कशाचं आहे ते ओळखा. बँजो पद्धतीचं, म्हणजे जिप्सी किंवा ४०७ सारखं, मध्ये डिफचा गोळा पुढून बोल्टने निघतो, ते दाबलेल्या पोलादी पत्र्याचं असतं आणि सरळ वेल्ड होतं. डाना पद्धतीत मधला भाग ओतीव, त्यात नळ्या ठोकून बसवलेल्या. ओतीव भागाला ग्राइंडर लावून बघा: बीडाच्या ठिणग्या आखूड, लालसर, लवकर विझणाऱ्या, पोलादाच्या लांब, पिवळ्या. ड्रिल मारलं तर बीडाची पावडर पडते, पोलादाची गुंडाळी निघते.

बीडाला नळी जोडायची तर मधला भाग २०० ते ३०० अंशांपर्यंत सगळीकडे सारखा तापवा, निकेलचा रॉड घ्या, २५-३० मिमीचे लहान तुकडे भरा, प्रत्येक तुकडा गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोका, आणि शेवटी राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून ठेवा. रात्रभर. जेवून आलात, कडक भाकरी-शेंगाचटणी निवांत संपली, तरी हात लावायचा नाही. पाणी टाकलं की तडा. पोलाद ते पोलाद जोडाला ७०१८ चा रॉड, पण भट्टीत ३००-३५० अंशांवर तासभर वाळवलेला. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ वापरला तर वेल्डमध्ये हायड्रोजन राहतो आणि नळी दोन दिवसांनी आपोआप तडकते.

सरळपणासाठी खोटा शाफ्ट लागतो. ४० मिमीचा ग्राउंड बार, डिफच्या साइड बेअरिंगच्या जागी बसतील असे दोन गोल ठोकळे लेथवर, आणि नळीच्या टोकांना दोन. मधलं बोर एका बाजूला ०.०५ मिमीच्या आत बसायला हवं. चार ठिकाणी टाके मारा, बार बोटाने फिरतोय का बघा. नंतर एक पाव भाग वेल्ड, मग त्याच्या समोरचा पाव, मध्ये हात लावता येईपर्यंत थांबा. बार घट्ट झाला की तिथेच थांबून कारण शोधा.

पाट्याच्या बैठका वेल्ड करताना नळी वाकते, कारण सगळी उष्णता एकाच बाजूला. २५-२५ मिमीचे टाके, डावी-उजवी आलटून-पालटून. तरी वाकली तर फुगलेल्या बाजूला लांबीने एक पट्टा तापवून हवेत थंड होऊ द्या, तो आक्रसताना नळी परत ओढली जाते. हायड्रॉलिक प्रेसने थंड दाबलेली नळी पुन्हा वाकू शकते.

एमएच१३
लेथमास्तर साहेब, बैठका आधी की कॅस्टर आधी?

लेथमास्तर
बैठकांना आधी फक्त टाके. गाडी चाकांवर उभी करून पूर्ण वजन द्या. मागे पिनियनचा कोन बघा: साधे दोन क्रॉस असलेला शाफ्ट असेल तर पिनियन ट्रान्सफरच्या आउटपुटला समांतर, एका अंशाच्या आत, दुहेरी क्रॉसचा असेल तर पिनियनचं तोंड सरळ ट्रान्सफरकडे. पुढे कॅस्टर ४ ते ६ अंश धन. पुढे पिनियन वर उचललं की कॅस्टर तेवढाच कमी होतो, दोन्ही एकत्र मिळत नाहीत. मग नळीच्या टोकाचं नकल (जिथे चाक वळतं तो सांधा) कापून फिरवावं लागतं. अंश पक्के झाले की ॲक्सल पूर्ण बाहेर काढून वेल्ड करायचा, पाट्याला जागेवर वेल्डची उष्णता लावायची नाही.

पाटेवाला
पाट्यांबद्दल: जिप्सीत ॲक्सल पाट्यावर बसतो. तो पाट्याखाली घेतला तर सव्वाशे ते १४० मिमी उंची एका फटक्यात मिळते, ३३ च्या टायरला बहुधा तेवढीच लागते. पण पाटा जोर लावताना 'एस' सारखा पिळतो आणि पिनियन वर डोकावतं, शाफ्टचा क्रॉस तुटतो. मागे पिळा रोखणारा दांडा हवाच, आणि त्याचं पुढचं टोक शॅकलवर (झुलत्या कडीवर) हवं. दोन्ही टोकं पक्की केली तर पाट्याची हालचालच बंद होते.

पाटे वर घेतल्यावर जुना ड्रॅग लिंक (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) तिरपा होतो, खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. नकलवर उंच आर्म करून ड्रॅग लिंक आडवा आणा. टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) ३८ मिमी बाहेरून, ६ मिमी भिंतीचा सीमलेस पाइप, एका टोकाला उजवा आटा, दुसऱ्याला डावा. जुना टाय रॉड कापून मध्ये तुकडा वेल्ड करून लांब करू नका. तिथे तुटलं की चाकं दोन दिशांना जातात.

हुतात्मा_एक्सप्रेस
ब्रेक? मोठ्या गाडीचा कॅलिपर जिप्सीच्या मास्टर सिलिंडरवर चालेल?

गिअरगणित
पिस्टनचं क्षेत्रफळ मोजा. समजा जुना पिस्टन ५४ मिमी व्यासाचा: २२.९ चौरस सेंमी. नवा ७० मिमी: ३८.५. तेल १.६८ पट लागणार. मास्टर तोच असेल तर पेडल तेवढं जास्त खाली जातं आणि दोन-तीनदा दाबावं लागतं. पेडलची चाल मूळसारखी हवी तर मास्टरचा व्यास १.६८ च्या वर्गमूळाने, म्हणजे १.३ पटीने वाढवा. समोर डिस्क, मागे ड्रम असतील तर मागच्या लाइनला दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व घाला. रिकाम्या जिप्सीचा मागचा भाग हलका, मोठे ड्रम चाक लॉक करतात. होज मोजायचा तो चाक पूर्ण लोंबकळत आणि पूर्ण वळलेलं असताना.

भीमातीर
क्राउन-पिनियन उघडलं असेल तर बॅकलॅश (दातांमधला मोकळेपणा) ०.१५ ते ०.२५ मिमी, डायल लावून क्राउनवर चार ठिकाणी. नव्या पिनियन बेअरिंगला सीलशिवाय प्रीलोड (पिनियन फिरवायला लागणारा जोर) २.३ ते ४.५ न्यूटन-मीटर, हे डाना ४४-६० चे आकडे. दुसऱ्या ॲक्सलला त्याचंच पुस्तक. निळ्या रंगाने दातावरचा ठसा बघा. ठसा मुळाशी असेल तर पिनियन जास्त आत, टोकाशी असेल तर जास्त बाहेर. पहिली वीस मिनिटं हलक्या हाताने चालवा, पूर्ण थंड होऊ द्या. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटे करा. ८०० किलोमीटरला तेल बदला. चिखलात बुडणार असेल तर हाउसिंगचा श्वासनळीचा होज बॉनेटपर्यंत वर न्या. गरम ॲक्सल गार पाण्यात शिरताच आत पोकळी होते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं, तेल दुधासारखं दिसलं की समजा.

एमएच१३
कायद्याचं एकदा स्पष्ट लिहितो, कारण हा धागा नंतर दुसरे वाचतील. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी पुस्तकात लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीला अंग काढायला हेच कारण पुरतं. त्यामुळे ट्रेलरचा विचार योग्य आहे, आणि 'शेतापासून घरापर्यंत चारच किलोमीटर' म्हणूनही ती रस्त्यावर काढू नये. पुणे-हैदराबाद रस्त्यावर ११३ मिमी बाहेर आलेल्या टायरने उडालेला खडा मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर जातो.

काळीमाती
सगळं दोनदा वाचलं, वहीत उतरवलं. आता असं ठरवतोय: जुन्या पिढीच्या गुरखाचे दोन्ही ॲक्सल, आधी टेप लावून, डिफची बाजू आणि दात बघून. रुंदी १५०० च्या आत असेल तर न कापता. पाटे वर, पिळा रोखणारा दांडा, १५ इंची रिम. पुढचा डिफ डावीकडे निघाला तर तो विचारच सोडणार.

एक शंका उरली. गुरखाच्या ब्रेकवर १५ ची रिम बसेल का?

पाटेवाला
रिम विकत घेण्याआधी जुनी कुठलीही १५ ची रिम हबवर चढवून हाताने फिरवा. कॅलिपर आणि रिम यांच्यात किमान ३-४ मिमी मोकळं हवं, चिखलाचा खडा अडकला की रिमला आतून चर पडते. लागली तर १६ ची रिम आणि त्या मापाचा टायर घ्या, कॅलिपर घासून जागा करू नका. रिमचं मधलं भोकही हबवर बसतंय का बघा, जिप्सीचा हब १०८ मिमीचा आहे.

लेथमास्तर
आणि यू बोल्ट नवेच घ्या. एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नाहीत. नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून त्याच गोलाईचे वाकवून घ्या, चौकोनी वाकवलेले नळीला दोनच ठिकाणी टेकतात. आवळणं गाडी चाकांवर उभी असताना, तिरप्या क्रमाने. पहिल्या ५० किलोमीटरला पुन्हा आवळा, मग २०० ला. नळी कापायला घ्याल तेव्हा कापण्याआधी दोन्ही बाजूंना पंचने खुणा करून ठेवा, कॅस्टर परत जुळवताना त्याच उपयोगी पडतात.

काळीमाती
टेप, व्हर्नियर आणि पंच घेऊन रविवारी निघतो. मोजमाप इथेच टाकतो.